मुळांवरच्या गाठी

"अहो, उठा उठा! आत जिवंत आहेत!"

बसथांब्याच्या सावलीत खोक्यावर ऐसपैस बसलेला तो ताडकन उठला. "काय... कोंबडीची पिल्लं?"

"जिवाणू. कोट्यवधी!" ती प्रयोगशाळेतून खोकं घेऊन आली होती. "नुसत्या उन्हानंही मरतात बिचारे, आणि तुम्ही तर..."

"जाडा आहे, असंच ना? म्हणा, म्हणा," तो हसला आणि खोकं उचलून चालायलाच लागला. ज्याच्या अर्ध्या एकरावर तिला प्रयोग करायचा होता, तो शेतकरी नेमका हाच निघाला. घ्या आता!

युरियाचा एक दाणाही न टाकता सोयाबीन पिकवायचं, हा प्रयोग. जमला तर इथेच जिवाणू खताचं केंद्र उघडणार आणि ती इथेच राहणार. फसला तर गाशा गुंडाळून परत. दोघांनी साखरेच्या पाण्यात जिवाणू कालवून बियांना चोळले. एका घमेल्यात चार हात... बोटांना बोटं लागली, तरी दोघं आपली बियांकडेच बघत राहिली.

"याला धीर म्हणून नाही गं," त्याची आत्या म्हणाली. "लहानपणी पेरलेलं बी रोज उकरून बघायचा!" तो कानापर्यंत लाल झाला.

तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडली.

"मुळांवर जिवाणूंच्या गाठी धरल्या की होतील हिरवी," ती सगळ्यांना सांगायची. पण एकदा बांधावर बसून गुपचूप रडली. त्याने ते पाहिलं. आणि खरंच, आठवड्याभरात शेत हिरवंगार! तिला आभाळ ठेंगणं झालं. रोज रोपांची उंची मोजायची, आकडे प्रयोगशाळेतल्या साहेबांना पाठवायची. तो टेप धरायचा, तिच्यासोबत हसायचा.

फुलं आल्यावर साहेब मोजणीला आले. तोवर एकही रोप उपटायचं नाही, असा नियमच होता. तिने पहिलं रोप उपटून मुळं धुतली. पांढरी, स्वच्छ. दुसरं... दहावं... औषधालाही गाठ नाही. आयतं खत मिळालं, की मुळं कशाला जिवाणूंना विचारतात?

"युरिया मी टाकला," तो साहेबांपुढे येऊन म्हणाला. "पानं पिवळी होती तेव्हा. यांना ठाऊक नव्हतं."

साहेबांनी वही मिटली. केंद्र दुसरीकडे गेलं.

निघायच्या दिवशी तो तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "तुमचं रडणं बघवलं नाही हो. वाटलं, प्रयोग फसला तर तुम्ही जाल, आणि मला तुम्ही—"

"बोला."

"आवडता. फार. केंद्र गेलं खड्ड्यात... राहा ना. माझ्यासाठी."

तिचे डोळे भरून आले. "वेडे आहात. केंद्र झालं नसतं, तरी मी राहणारच होते. घरी आईला सांगितलंसुद्धा होतं."

"मग...?"

"युरिया टाकलात, तेही सोसलं असतं मी. पण तीन आठवडे मी खोटे आकडे लिहीत होते, आणि तुम्ही टेप धरून माझ्यासोबत हसत होता! उद्या तुम्ही हसलात, की ते खरं कसं मानू मी?" तो अजूनही आवडत होता, त्याचाच जास्त राग येत होता.

"एकदा चुकलो," तो म्हणाला. "एकदाच..."

"आईला काय सांगू हो मी आता?"

खाली गाडी येऊन थांबली, तशी ती डोळे पुसत निघाली.