पानठेल्यासमोरचं दार

"मॅडम, तुमी हे शौचालय काहून वापरत नाई?"

आता तुम्हीच सांगा, पहिल्याच भेटीत कोणता शहाणा पोरीला असं विचारतो? पण संघदीपनं विचारलं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, काखेत नकाशाची गुंडाळी, आणि तोंडावर कमालीचा सज्जनपणा. रंजीता शिवून झालेले ब्लाउज पोचवायला निघाली होती, ती जागीच थबकली. गठ्ठ्यातले दोन ब्लाउज खाली पडले. त्यानं ते घाईघाईनं उचलले, झटकले... आणि मग ब्लाउज कसे धरावेत हेच त्याला कळेना.

"द्या इकडे," रंजीता म्हणाली. "अन् असं रस्त्यात पोरीले काही विचारत असतात का?"

"चुकलं... पण मंग कोणाले विचारू?"

बिचाऱ्याचंही खरंच होतं. कारंज्याच्या या वस्तीत नगरपरिषदेनं नवंकोरं सार्वजनिक शौचालय बांधून दोन महिने झाले होते. पुरुषांच्या बाजूला सकाळी रांग, बायकांच्या बाजूला शुकशुकाट. संघदीप शिरपूरचा, नगरपरिषदेत कंत्राटी इंजिनिअर. नकाशा त्यानंच काढलेला. साहेबांनी बजावलं होतं, महिन्याभरात बायका आल्या नाहीत तर त्यांची बाजू बंद करून तिथं सामान भरू.

रंजीतानं त्याला खालून वर न्याहाळलं. "खरंच माहीत करून घ्याचं हाये? मंग उद्या सकाळी आठ वाजता या. रंजीता शिलाईवालीचं घर कोणीबी दाखवन. पाण्याचं टमरेल देते. आमच्या दारापासून तिथवर चालून दाखवा."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

आणि पठ्ठ्या आला की दुसऱ्या दिवशी! इस्त्रीचा शर्ट, हातात टमरेल. शौचालयाचं बायकांचं दार बरोब्बर लखीरामच्या पानठेल्यासमोर. आठ वाजता तिथं बाप्यांची ही गर्दी.

"काय साहेब, पोट बिघडलं काय?" लखीरामनं चुना लावता लावता विचारलं.

"आस्ते गा, सांडन!" दुसरा ओरडला.

हशा पिकला. रंजीताही आपल्या दारात तोंडावर ओढणी धरून हसत होती. संघदीपचे कान लालबुंद झाले, पण तो थांबला नाही. दारापर्यंत गेला, मान खाली घालून परत आला. टमरेल खाली ठेवलं. हळूच म्हणाला, "चाळीसच पावलं हायेत. पण जीव नकोसा झाला, रंजीता."

तिचं हसू तिथंच विरलं. कोणी तरी समजून घेतलं की माणसाला रडू येतं, तसं तिला आलं. तिनं सगळं सांगून टाकलं. दिवसा जायची चोरी म्हणून तिची आई बेबीताई दिवसभर पाण्याचा घोट घेत नसे. त्यापायी मूतखडा झाला, तरी बाई पहाटे अंधारात नाल्याकडेच जायची. "डॉक्टर म्हणते पाणी पी. अन् आई म्हणते, पिऊ, मंग जाऊ कुठं?"

संघदीप शौचालयाच्या मागं जाऊन गल्ली पाहून आला. मग म्हणाला, "मागची भित फोडतो. दार मागच्या गल्लीतून काढतो."

"साहेब मानतीन?"

"नकाशा चुकला असं मले लिहून द्या लागन."

"अन् तुमचं काम गेलं तं?"

"पाहू."

त्यानं खरोखर लिहून दिलं. रंजीतानं वस्तीतल्या साठ बायकांच्या सह्या-अंगठे गोळा करून त्या कागदाला जोडले. साहेब कुरकुरले, पण भिंत फुटली. काम चाललं तेवढे दिवस संघदीप रोज हजर. रंजीताचा चहाही रोज हजर.

"साखर जास्त झाली," तो म्हणायचा.

"मंग पिऊ नका."

"तसं कुठं म्हणलं मी..."

त्याच्या पापण्यांवर सिमेंट बसलेलं असायचं. ते पुसावं असं तिला फार वाटायचं, आणि मग ती उगाच मिस्त्रीवर डाफरायची.

दार उघडलं त्या दिवशी बेबीताई भर दुपारी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. बायकांनी ठराव केला, मागच्या गल्लीत बाप्या माणसानं पाऊल टाकायचं नाही. पहारा अर्थातच बेबीताईचा.

आणि आठवड्याभरात साहेबांनी संघदीपची रवानगी मानोऱ्याला केली. कारण सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं.

दोनच्या एस.टी.नं निघायचं म्हणून तो बॅग घेऊन आला. रंजीता मागच्या गल्लीत कपडे धूत होती.

"तिथंच थांबा बावा!" बेबीताई कडाडली. "इकडे बाप्यायले मनाई हाये."

"काकू, मीच तं बांधलं ना हे!"

"मंग तुमाले तं पयले समजाले पायजे."

तो गल्लीच्या रस्त्याकडच्या तोंडाशीच थांबला. मागं पानठेला, पुढं बायका. "रंजीता... मी मानोऱ्याले जाऊन राह्यलो!"

"आयकलं!" तिनं हातातला कपडा दगडावर आपटला. "जा ना मंग."

"काही... बोलाचं होतं."

"बोला."

"एवढ्या लोकायसमोर?"

"आमी बायायनं रोज त्याच लोकायसमोरून जावं, असा नकाशा काढला होता ना तुमी? बोला आता!"

बायका खो खो हसल्या. संघदीपनं बॅग खाली ठेवली. "मले तू आवडते, रंजीता! शिरपूरले मायले सांगून आलो. आता तू सांग."

पानठेल्यावर कोणी शिट्टी मारली. सगळ्या माना वळल्या. याच माना चुकवत रंजीता इतकी वर्षं खाली बघून चालली होती. ती उठली. ओले हात ओढणीला पुसले, आणि एकेका बाप्याकडे सरळ बघत गल्लीबाहेर आली, थेट त्याच्यापुढं.

"रविवारी मायले घेऊन या," ती म्हणाली.

"म्हणजे... हो म्हणून राह्यली का तू?"

"नाई तं काय," रंजीता म्हणाली, "एवढ्या लोकायसमोरून चालत आली मी, ते लखीरामले चुना मागाले?"