आधी वाच, मग पूस

हे खोटं वाटलं तर वाटू द्या. मी शपथा घेत बसणार नाही. पण ज्याच्या घरात हे घडलं त्या इद्वाल प्रॉबर्टच्या शेजारी मी कित्येक वर्षं दर शनिवारी बसलोय. त्याची पोरगी मला आजही रस्त्यात भेटते.

ती हात हलवते. बोलत नाही.

तारीख आठ मार्च २०१४. शनिवार. गाव अबरडेअर, वेल्स. वेळ... दुपारचे दोन.

हो, दुपारचे. भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं तुम्हाला? या गोष्टीत रात्र नाहीच. सगळं लख्ख उजेडात झालं.

उजेडामुळेच झालं, असं म्हणा.

आमचा जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा क्लब आहे. ऐंशीच्या दशकात लोक घरच्या टीव्हीला जोडायचे ना, ते कॉम्प्युटर. त्यांच्या आतल्या चिपा म्हाताऱ्या होऊन मरतात. मग त्या जागी, तीच माहिती भरून, नवी चिप बसवायची. क्लबात या कामात इद्वालसारखा हात कुणाचा नव्हता. आणि त्याच्यासारखी तिखट जीभही कुणाची नव्हती.

या चिपेला वर काचेची इवलीशी खिडकी असते. जांभळ्या दिव्याच्या पेटीत वीस मिनिटं ठेवली की त्या खिडकीतून उजेड आत जातो आणि आतलं सगळं पुसलं जातं. चिप कोरी होते. साध्या उन्हानेही पुसते, फक्त महिने लागतात. म्हणून खिडकीवर स्टिकर लावायचं. कायम.

आणि एक नियम. इद्वालने तो पेटीवर जाड अक्षरांत लिहून ठेवला होता. आधी वाच, मग पूस. म्हणजे आतलं आधी उतरवून घ्यायचं, मगच पेटीत घालायचं. नवा कुणी हे विसरला, की इद्वाल त्याची चारचौघांत सालटी काढायचा.

तर त्या शनिवारी त्याच्या दारात मिसेस बेवन आल्या. ओल्वेन बेवन, वय ब्याऐंशी. बाजाराच्या चाकांच्या पिशवीत कॉम्प्युटर घालून आल्या होत्या, वर टॉवेल पांघरलेला.

"इद्वाल, बाळा, माझ्या डेलिथचा आवाज गेलाय रे."

डेलिथ त्यांची मुलगी. अकरा वर्षांची. १९८६ साली शाळेतल्या मास्तरांच्या मदतीने तिने स्वतः एक चिप भरली होती. कॉम्प्युटर चालू केला, की तिचाच आवाज यायचा. दोन सेकंदांचा. तिकडे आईला मॅम म्हणतात.

"मॅम, उठलीस का?"

त्याच हिवाळ्यात मेंदूज्वराने पोर गेली.

तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं मिसेस बेवन रोज सकाळी सात वाजता ते बटण दाबत होत्या. नाताळापासून आवाज घोगरा झाला. आता नुसती खरखर यायची.

इद्वालने झाकण उघडलं. चिप पाहिली. खिडकी उघडी होती.

"स्टिकर कुणी काढलं हे? उन्हाने पुसते ही! कुणाची अक्कल चरायला गेली होती?"

मिसेस बेवननी मान खाली घातली.

"मीच काढलं... आत अंधार असतो ना रे."

इद्वाल हसला. अहो, तोंडावर हसला. "बरं बरं, ठेवा. खरखरीतून जेवढं निघेल तेवढं काढतो. शनिवारी या."

निघालंही असतं. त्याने अशा अर्धमेल्या चिपा कितीदा वाचवल्या होत्या. पण त्या दिवशी रेडिओवर मॅच होती. त्याने ती चिप टेबलावर ठेवली. शेजारीच पुसायच्या आठ चिपा पडल्या होत्या. एका कानाने मॅच ऐकत त्याने सगळ्या गोळा केल्या, पेटीत सरकवल्या, बटण दाबलं आणि चहा टाकायला गेला.

दहा मिनिटांनी त्याला टकटक ऐकू आली.

दारावर कुणी नव्हतं.

पुन्हा टकटक. बारीक. नखाने काचेवर वाजवावं तशी...

आवाज पेटीतून येत होता.

काहीतरी तापून तडकत असेल, म्हणाला आणि बिस्कीट चहात बुडवलं. वीस मिनिटांनी पेटी उघडली. चिपा मोजल्या.

नऊ.

त्याने चिपा यंत्रात लावल्या. एकेक चिप वाचली. नववी वाचली. पडद्यावर ओळीमागून ओळ तेच अक्षर. कोरी. ठार कोरी.

दुसरा एखादा त्या म्हातारीच्या पाया पडला असता. हा इद्वाल होता. आपण नियम मोडला हे क्लबात कळलं तर काय तोंड दाखवायचं, याचीच त्याला जास्त फिकीर.

त्याने मुलीला हाक मारली.

मेलेरी. वय दहा. तोंडाचा पट्टा असा, की तिची आई गेनर म्हणायची, "हिला झोपेतही श्वास घ्यायला सवड नसते." इद्वालचा त्या बडबडीवर फार जीव. कामावरून आला की आधी तिची पाऊण तास कहाणी, मग जेवण.

"मेल, इथे बोल. 'मॅम, उठलीस का?' एवढंच."

"कुणाची मॅम?"

"एक आजी आहे. तिला गंमत दाखवायचीय."

"तिला माहितेय का, मी कोण ते?"

"नाही."

"मग ते खोटं झालं, डॅड."

"बोल गं भवाने! दोन शब्दांचं काम आणि वीस शब्दांची वकिली."

ती बोलली. इद्वालने आवाज मुद्दाम जरा घोगरा केला, त्याच चिपेत भरला आणि नवं काळं स्टिकर घट्ट दाबून बसवलं.

शेजारी उभी असलेली मेलेरी एकदम खोकली.

पुढच्या शनिवारी मिसेस बेवन आल्या. बटण दाबलं. "मॅम, उठलीस का?"

त्यांनी कान जवळ नेऊन पुन्हा बटण दाबलं. मग म्हणाल्या, "सर्दी झालीय का हिला?"

"जुनी चिप ना. एवढं तर होणारच."

त्यांनी डोळे पुसले, घरच्या वेल्श केकचा डबा टेबलावर ठेवला आणि पिशवी ओढत गेल्या.

त्याच दुपारी इद्वालने ते केक क्लबात वाटले आणि किस्सा रंगवून सांगितला. आपण चिप पुसली हे गाळून. खरखरीत काही उरलंच नव्हतं, म्हणे. "म्हातारीला काय कळतंय! कुणाचंही पोर आपलं म्हणून घेऊन गेली."

सगळे हसले. केक छान होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी सात वाजता मेलेरी स्वयंपाकघरात आली. तोंड उघडलं...

आणि आवाज आला नाही.

घसा बसला की निदान घरघर येते हो. इथे काहीच नाही. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि घरात फक्त घड्याळाची टिकटिक.

डॉक्टर झाले. कार्डिफचं मोठं इस्पितळ झालं. घसा ठणठणीत, म्हणाले. मनाचं असेल.

खोकला बिनआवाजी. शिंक बिनआवाजी. ती रात्री रडते हे गेनरला सकाळी ओली उशी बघून कळायचं.

मग एके दिवशी गेनरने फोनवरचा वाढदिवसाचा व्हिडिओ लावला. टाळ्या होत्या. गाणं होतं. शेजारचा कुत्रासुद्धा भुंकत होता.

मेलेरी मध्ये उभी राहून घडाघडा बोलत होती... तिचा आवाज तेवढा नव्हता.

एप्रिलमध्ये मिसेस बेवनचा फोन आला.

"इद्वाल, तुझे उपकार कसे फेडू रे? आता ती एकच वाक्य नाही बोलत. दिवसभर बोलते."

इद्वालच्या हातातला कप थांबला. त्या चिपेत दोन सेकंदांच्या वर एक अक्षर मावत नाही.

मागून कुणीतरी विचारलं, "कोणाचा फोन आहे, मॅम?"

मेलेरीचा आवाज होता.

तो गाडी काढून सुसाट गेला. खिडकीतल्या टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्यातून त्याची लेक बोलत होती. शाळेचं, पावसाचं, केकमध्ये मनुका कमी पडल्याचं. सगळं "मॅम, मॅम" करत.

त्याने त्या म्हातारीचे पाय धरले. सगळं खरं सांगितलं. पेटी, मॅच, नऊ चिपा, पोरीचा आवाज.



"मला पहिल्याच सकाळी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आई आहे मी. माझं पोर मला कळणार नाही?"

"मग... मग परत द्या ती."

"तू माझी पुसलीस. आता ही माझी."

त्याने झाकण उचकटलं, चिप खेचून काढली आणि पळाला. घरी आधी वाचायला लावली. यावेळी नियम विसरला नाही.

कोरी. ओळीमागून ओळ तेच अक्षर.

चार वेगवेगळ्या यंत्रांत बसवली. शब्द नाही. शेवटी, झक मारत, परत नेऊन मिसेस बेवनच्या कॉम्प्युटरमध्ये बसवली, तेव्हा आवाज आला. "कुठे गेले होते गं मी, मॅम?"

उतरवून घेता येईना, काढून आणता येईना. तेवढा आवाज कुठेतरी आहे, एवढ्यावर इद्वाल तगून होता. दर रविवारी मेलेरीला घेऊन तो तिथे जाऊ लागला. मिसेस बेवन दार उघडायच्या. चहासुद्धा द्यायच्या.

पोरगी त्या कॉम्प्युटरसमोर गुडघे जवळ घेऊन बसायची आणि स्वतःचा आवाज ऐकायची.

एका रविवारी आवाजाने विचारलं, "मॅम, ही मुलगी कोण आहे? ही बोलत का नाही?"

इद्वाल उठून बाहेर गेला. कुंपणाला धरून ओकला.

जूनच्या मध्यावर आवाज घोगरा वाटू लागला. शब्द तुटायला लागले. तीन महिन्यांत चिप अशी खराब होत नाही. इद्वालला शंका आली. त्याने झाकण उघडलं...

खिडकीवरचं स्टिकर नव्हतं.

वेल्समध्ये क्वचित पडतं तसं कडकडीत ऊन पडलं होतं. टेबल पार काचेला चिकटवून ठेवलं होतं.

"काय केलंत हे! अहो, उन्हाने पुसते ती! तेव्हा सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतंस," मिसेस बेवन म्हणाल्या. "पण ती रोज म्हणते रे... मॅम, इथे काही दिसत नाही. माझी डेलिथही हेच म्हणायची. एखाद्या पोराला अंधारात रडताना किती दिवस ऐकशील तू?"

इद्वालने खिशातून काळं स्टिकर काढलं आणि खिडकीवर चिकटवलं.

आतून किंकाळी आली.

"मॅम! काळोख झाला! मॅम, काढ ना!" आणि मग, तीन महिन्यांत पहिल्यांदाच... "डॅड! डॅड, तू आहेस ना तिथे? दिवा लाव, डॅड!"

इद्वालने बोट काढलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोट तसंच दाबून धरलं होतं. "थोडं सोस गं, मेल. झाकून ठेवलं तरच राहशील तू. डॅडला पुसायचं नाहीये तुला."

मेलेरी उठली. स्वतःचाच आवाज असा ओरडताना ती ऐकत होती. तिने बापाचं बोट धरलं आणि हळूच बाजूला केलं. मग नखाने स्टिकरचा कोपरा उचकटला.

त्याने अडवायला हवं होतं. त्याच्याने अडवलं गेलं नाही.

"आता दिसतंय," आतून आवाज आला.

ऑगस्टपर्यंत खरखर उरली होती. मग तीही गेली. पुढच्या वर्षी मिसेस बेवन गेल्या. तो कॉम्प्युटर इद्वालकडे आला. इद्वालने चिपा भरायचं काम कायमचं सोडलं. क्लबात येतो, कोपऱ्यात बसतो, कुणी मॅच लावली की उठून जातो. मेलेरी आता मोठी झाली, हातांनी बोलते. बापाशी मात्र हातांनीही फारसं बोलत नाही.

हे सगळं त्याने मला एकदाच सांगितलं, आणि ती चिप माझ्या हातात ठेवली. मी ती टेबलावर उघडीच ठेवलीय. स्टिकर लावायचं धाडस होत नाही. दोनदा वाचून पाहिली. कोरी आहे.

पण पेटी लावली, की कधीकधी मला टकटक ऐकू येते. मी धावत जाऊन चिपा मोजतो. बरोबर असतात. तरी मोजतो.

आणि एक सांगायचं राहिलंच.

त्या शनिवारी क्लबात सगळे हसले, असं मी म्हटलं ना... त्यात मीही होतो. दोन केक खाल्ले होते मी.

तेव्हापासून रोज सकाळी डोळे उघडले, की बायकोशी बोलायच्या आधी मी उशीत तोंड घालून हळूच माझं नाव घेऊन बघतो.