काजळी आमरी आणि शेवटची चिलटं

कुंडी चहूबाजूंनी थोपटून डॉ. उत्तरा मणेरीकरांनी रोप अलगद बाहेर काढलं आणि त्यांच्या तोंडून "अरे देवा!" निघालं. कुंडीत भरलेल्या सालीच्या तुकड्यांचा कुजून लगदा झाला होता. त्या लगद्यात काळ्या डोक्याच्या पांढुरक्या आळ्या वळवळत होत्या. मुळांची हिरवी टोकं त्यांनी कुरतडून टाकली होती.

दुसरं झाड असतं तर उत्तराताईंनी ते कुंडीसकट फेकून दिलं असतं. पण ही काजळी आमरी होती, एक दुर्मिळ ऑर्किड. तिचा डोंगर दरडीखाली गेल्याला वर्षं लोटली होती आणि जगात उरलेली तिची मोजकी रोपं याच प्रयोगशाळेच्या काचघरात होती. पेशीसंवर्धनाने त्यांच्या प्रतिकृती करता येत, पण त्या सगळ्या एकाच रोगाला एकदम बळी पडत. हवं होतं ते बी, आणि ते धरतच नव्हतं. फूल ज्वारीच्या दाण्याएवढं, त्याच्या तोंडाशी एक झडप. उत्तराताईंनी केसासारख्या बारीक कुंचल्याने दर मोसमात खटपट केली, पण ती झडप कधी उघडली नाही. ती कोणता कीटक उघडत असे, ते डोंगराबरोबरच गाडलं गेलं होतं.

त्यांनी वसईहून कीटकशास्त्रज्ञ डॉ. रेमंड तुस्कानोंना बोलावून घेतलं.

"औषध ओतून पाहिलंत?" रेमंडनी विचारलं.

"मुळांत एक बुरशी राहते, तिच्या जिवावर हे झाड जगतं. औषधाने आळ्यांच्या आधी तीच मरेल."

रेमंडनी एक आळी भिंगाखाली धरली. "कुजकटात वाढणारी चिलटं. यांची एक गंमत आहे, उत्तराताई. काही माद्यांना नुसत्या मुली होतात, काहींना नुसते मुलगे. ते ठरवणारा जनुक मी बदलू शकतो. माझे बदललेले नर इथे सोडले, की त्यांची सगळी पिल्लं नर निघतात आणि त्या पिल्लांचीही नरच. असं होत होत एक दिवस मादीच उरत नाही."

"आणि मग?"

"मग अंडी नाहीत, आळ्या नाहीत. उरलेले नर चार दिवस उडतील आणि संपतील. याला आम्ही पुंसंतती तंत्र म्हणतो."

दोघांनी मिळून सगळ्या कुंड्या बदलल्या. मुळं कोमट पाण्यात धुतली, कुजलेली कापली, नव्या सालीत कोळशाचे तुकडे मिसळले. मग रेमंडनी आपले नर सोडले. पिवळ्या चिकट पट्ट्यांवर अडकलेलं एकेक चिलट ते रोज भिंगाखाली तपासत. असा चिवट माणूस उत्तराताईंनी आजवर पाहिला नव्हता. पिढ्या सरल्या, माद्या विरळ होत गेल्या. मुळांना हिरवी टोकं फुटली आणि पानांआडून फुलांचे दांडे डोकावले.

"आज एकही मादी नाही," एका सकाळी रेमंड म्हणाले. त्याच सकाळी उत्तराताईंना दिसलं, की आमरीची फुलं चिलटांनी काळी पडली आहेत.

"मुळं सुटली, आता फुलं धरली मेल्यांनी!" त्यांनी हवा ओढून घेणारी नळी उचलली.

"थांबा!" एरवी हळू बोलणारे रेमंड ओरडलेच. "भिंगातून बघा आधी."

भिंगाखाली एक नर फुलाला बिलगून पंख थरथरवत होता. त्या थरथरीने झडप उघडली. नर आत कोलमडला आणि धडपडत बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवर परागाचा पिवळा गोळा चिकटला होता. तो तसाच शेजारच्या फुलावर गेला.

"त्याला वाटतंय, ही मादी आहे," रेमंड कुजबुजले. "फुलाला मादीचा वास असणार."

"पण चिलटं येतात ती सालीतून, आणि साल गेल्या खेपेलाही त्या डोंगरापलीकडच्या जंगलातूनच आणली होती. गेल्या मोसमातही चिलटं होतीच की! तेव्हा का नाही आली?"

"तेव्हा खऱ्या माद्या होत्या, ताई. त्या सोडून फुलाकडे कोण येईल? जंगलात नर आधी बाहेर पडत असतील, माद्या नंतर. मधल्या दिवसांत ही फुलत असेल. आपल्या काचघराच्या एकसारख्या उबेत दोघं बरोबरच जन्मत होती. आपण माद्या संपवल्या आणि नकळत तिला तिचे दिवस परत दिले."

उत्तराताई पुन्हा भिंगावर वाकल्या. एवढ्याशा फुलाने, डोळे नाहीत, डोकं नाही, तरी एका किड्याचं मन किती नेमकं ओळखलं होतं!

पाकळ्या सुकल्या आणि त्यांच्या मागे देठ फुगू लागले. फळं धरली होती. पट्ट्यांवर आता काहीच अडकत नव्हतं. काचघर चिलटांपासून मोकळं झालं होतं. आनंदाच्या भरात उत्तराताई रिकाम्या पट्ट्या काढू लागल्या आणि मध्येच थबकल्या.

"रेमंड, पुढच्या मोसमात झडप कोण उघडणार?"

रेमंड हसले. "बदललेले नर तयार करायचे तर मला साधी चिलटंही पाळावी लागतात. ज्यांना संपवायचं, त्यांचाच वंश आम्ही वसईला सांभाळतो."

"मग घेऊन या. आळ्याच आणा, चांगल्या धष्टपुष्ट. मी स्वतः कुंड्यांत सोडते. फुलायच्या आधी माद्या संपवायला तुमचे बदललेले नर आहेतच."

"मुळं कुरतडतील, बरं का."

"कुरतडू देत थोडी," उत्तराताई फुगलेल्या देठाला बोट लावत म्हणाल्या. "तिनेच त्यांना घरी बोलावलंय. आपण कोण हाकलणार?"