पखुर्डीच्या पोटावरचं पाणी

पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी भरून वाळवंटातून पिल्लांसाठी नेतो, हे पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी पुस्तकांत वाचलं होतं. पण किती नेतो? ओला नर घरट्यापाशीच जाळ्यात धरायचा आणि तराजूवर ठेवायचा, एवढ्यासाठी त्या सहा दिवस वाळू तुडवत होत्या. सोबत कॅमेरा सांभाळणारा धाकटा दीर आणि जीप चालवणारे मामा. मामा नात्याने कुणाचेच मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणत.

सातव्या सकाळी घात झाला. चाक बदलताना जॅक वाळूत रुतला, कलंडला आणि जीप धाडकन खाली आली! मामांचा पाय तिच्याखाली सापडला. आणि पाण्याचा मोठा कॅन? तो गार राहावा म्हणून बाईंनीच मोठ्या हुशारीने जीपखालच्या सावलीत सरकवला होता. त्याच्या चिंधड्या झाल्या.

दोघांनी मिळून पाय सोडवला. तो बघता बघता भोपळ्याएवढा सुजला. वायरलेसवर मदत कबूल झाली, पण ती पोचणार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पाणी उरलं होतं अर्धी बाटली. तेवढ्यावर मामा टिकणार नव्हते.

"मला सावलीत टाका आणि पाणी शोधा, ताई," मामा दात आवळून म्हणाले. "मी काय कुठे पळून जातोय?"

रिकामे डबे आणि सवयीने जाळं-पिशवीही घेऊन दोघं टेकाडावर चढले. आकाश कोरं होतं. इतक्यात पखुर्डीचा एक नर खालून, जमिनीला धरून, सरळ रेषेत गेला.

"तो बघा, पाण्याकडे चाललाय! चला!" बाई धावत सुटल्या.

अर्धा तास दोघं धापा टाकत त्या दिशेने गेले. शेवटी गोट्यागोट्यांच्या मैदानात तो पक्षी उतरलेला दिसला, आणि बाई मटकन खाली बसल्या.

"वहिनी, काय झालं?"

"अहो भाऊजी, हा पाण्याकडे जात नव्हता. पाण्यावरून घरी आलाय! दहा वर्षं घरटीच शोधतेय, डोळे सवयीने तिकडेच धावले. मामांचा अर्धा तास मी मातीत घातला हो!"

तेवढ्यात समोरचे गोटे हलले. गोटे कसले, पिल्लं होती! तीन. मातकट, ठिपकेदार, अंगठ्याएवढी. नर ताठ उभा राहिला, त्याने पोटाची पिसं फुलवली आणि तिघांनी माना वर करून ती चोचीत धरली. ओढून ओढून ती पाणी पीत होती. बाप हलत नव्हता. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढ्याशा जिवाला हे शिकवलं कुणी?

"जाळं टाका, वहिनी!" दीर कुजबुजला. "याच्यासाठीच आलोय ना आपण?"

जाळं हातातच होतं. पाच पावलांचं अंतर. पण जाळ्यात तो फडफडला असता आणि ते सगळं पाणी वाळूत गेलं असतं. बाईंनी जाळं गुंडाळून पिशवीत कोंबलं.

मग त्यांना दिसलं, पिसांतून अजून थेंब गळत होते! या वाऱ्यात ओला रुमाल पाच मिनिटांत कडक होतो. म्हणजे पाणी लांब नव्हतं.

"कुठून आला तो?"

"त्या दोन काळ्या टेकड्यांच्या मधून!"

पळा! घसा कोरडा, पायांत गोळे, डोळ्यांपुढे काजवे. दीर दोनदा पडला, दोनदा उठला. टेकड्यांची खिंड आली आणि पंखांचा नुसता गडगडाट कानांवर आदळला. कातळातल्या डबक्यावर शेकडो पखुर्ड्या! दोघांनी काठावर पालथं पडून पाण्यात तोंडं बुडवली.

एकाएकी वरून ससाणा झेपावला. सगळा थवा भर्रकन उडाला. एक नर मात्र पाण्यातच बसून डुलत राहिला, अंग डावी-उजवीकडे घुसळत. पिसं अजून भरायची होती. ससाण्याची सावली त्याच्यावरून दोनदा गेली, तरी तो हलला नाही. बाई डबा भरायचा विसरून बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसावंसंही त्यांना वाटलं नाही. पिसं जड झाली तेव्हा तो उठला आणि जमिनीला धरून निघून गेला.

"थोडं टेकूया का, वहिनी? पाय उचलत नाहीत," दीर म्हणाला.

"नको," बाई म्हणाल्या आणि भरलेले दोन्ही डबे त्यांनी स्वतःच उचलले.

जीपपाशी मामा डोळे मिटून पडले होते. ओठांना भेगा पडल्या होत्या. बाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, डबा ओठांना लावला. पहिला घोट गळ्यातून उतरताना दिसला. दुसऱ्याला मामांनी डोळे उघडले आणि दोन्ही हातांनी डबा घट्ट धरला.

"सावकाश, मामा," बाई म्हणाल्या. "सगळं तुमचंच आहे."