पटावर नसलेली मुलगी

मला गोष्टी रचून सांगता येत नाहीत. मी परिषदेच्या शिक्षण विभागात कारकून आहे. आमच्या कल्पनाशक्तीची धाव 'वरील विषयास अनुसरून' इथपर्यंत. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते जसं घडलं तसंच सांगतोय. मीठमसाला लावलेला नाही. पटलं तर ठीक, नाही पटलं तरी माझी तक्रार नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. सकाळचे साडेअकरा वाजले होते. लख्ख ऊन पडलं होतं.

जागा म्हणजे एक बेट. लाँचने पाऊण तास लागतो. साठ-सत्तर घरं, एक धक्का, एक दुकान, आणि टेकाडावर एका खोलीची शाळा. सगळ्या इयत्ता एकाच खोलीत आणि सगळ्यांना शिकवायला एकच बाई.

त्या वर्षी परिषदेची तिजोरी रिकामी होती. आधी दिवाबत्तीवर कात्री लागली, मग वाचनालयावर, मग आमच्यावर. वरून आदेश आला, दहापेक्षा कमी पट असलेली शाळा बंद. मुलांना लाँचने पलीकडच्या मोठ्या शाळेत आणायचं.

त्या बेटाचा पट मोजायला मला पाठवलं.

पट मोजणं वाटतं तेवढं सोपं नसतं. शाळा वाचवायची म्हणून लोक मुलं उसनी आणून बसवतात. धाकटी भावंडं, पाहुण्यांची पोरं, हाताला लागेल ते. हजेरी घेतली की तीही घोटवल्यासारखी 'हजर' म्हणतात. म्हणून माझी एक पद्धत होती. न कळवता जायचं, मागच्या दाराने वर्गात शिरायचं, आणि कोणाला पत्ता लागायच्या आत पाठीमागून डोकी मोजायची. मग पुढे जाऊन हजेरीपटाशी ताडून बघायची. तोंडं पढवता येतात, पाठी पढवता येत नाहीत, असं मी ऑफिसात सांगायचो. मोठा शहाणा होतो ना!

तर मी मागच्या दारात उभा राहिलो.

बाई फळ्यावर लिहीत होत्या. पाच बाक होते. प्रत्येक बाकावर दोन डोकी.

दहा.

मी मनात म्हटलं, चला, वाचली शाळा. पुढे गेलो, ओळख सांगितली, हजेरीपट उघडला.

पटावर नावं होती नऊ.

मान वर करून बघितलं. समोर तोंडंही नऊच होती. शेवटच्या बाकावर एकटीच मुलगी बसली होती, गोबऱ्या गालांची. सगळे तिला ढमी म्हणत.

मोजण्यात चूक झाली असेल म्हणून मी पाणी प्यायचं निमित्त केलं आणि पुन्हा मागे गेलो.

दहा...

ढमीच्या शेजारी, खिडकीच्या बाजूला, निळ्या स्वेटरातली एक मुलगी ताठ बसली होती. फळ्याकडे बघत होती. मला तिची पाठ अगदी स्वच्छ दिसत होती.

मी झपाझप पुढे आलो.

नऊ.

तुम्ही म्हणाल, तिथेच घाम फुटला असेल. नाही हो. मला राग आला. माझी खात्रीच पटली की बाईंनी कोणाची तरी पोर आणून बसवलीय, आणि मी पुढे आलो की ती बाकाखाली सरकते.

"बाई, दहावी कुठून आणलीत?" मी सरळच विचारलं.

"कोण दहावी?"

"मला नका शिकवू. मागून दहा दिसतात, पुढून नऊ. हे खेळ आम्ही खूप बघितलेत."

बाई पन्नाशीच्या. किरकोळ बांधा, हाताला खडू. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, नऊच आहेत. खोटं करून शाळा वाचवायची असती तर बेटावर पोरांना काय तोटा आहे? नऊच लिहा."

मी बाकाखाली वाकून बघितलं. कोणी नव्हतं.

खिडकीला गज होते.

ढमी बाकाच्या अगदी टोकाला, पडता पडता राहील अशी बसली होती. मी म्हटलं, "एवढी जागा आहे की गं. मध्ये बस."

तिने बाईंकडे बघितलं. मग हळूच म्हणाली...

"तिकडे नको, साहेब."

"का?"

बाकीची आठही मुलं आपापल्या वहीत बघू लागली.

मला वाटलं, पढवलेलं आहे सगळं. मी खुर्चीत बसून अहवाल लिहिला. पट नऊ. आणि खाली एक शेरा मारला: 'पडताळणीच्या वेळी एक मुलगी जादा बसवल्याचा संशय.'

गरज नव्हती त्या शेऱ्याची. पण मला कोणी बनवू शकत नाही, हे दाखवायची खाज होती.

दहा लिहिले असते तर शाळा निदान वर्षभर वाचली असती. मी दहा पाहिले होते. दोनदा पाहिले होते.

चार महिन्यांनी शाळा बंद करायचा आदेश निघाला. सामान ताब्यात घेऊन कुलूप लावायला पुन्हा मलाच पाठवलं. बरोबर दोन हमाल होते. सामान धक्क्यावर उतरवायचं आणि पडावाने, म्हणजे मालवाहू होडीने, दुसऱ्या दिवशी न्यायचं, असं ठरलं होतं.

लाँचवाला एरवी बडबड्या माणूस. त्या दिवशी तोंडाला कुलूप. अर्ध्या वाटेवर म्हणाला, "बाईंना जड जाईल आज."

"नोकरी कुठे जातेय? पलीकडच्या शाळेत बदली आहे. हीच मुलं असतील समोर."

"तसं नव्हे. त्यांची मुलगी या बेटावरच गेली."

"गेली म्हणजे?"

"वारली. अकरा वर्षं झाली. इथला दवाखाना तुम्ही लोकांनी बंद केलात, त्याच वर्षी. पैसे नाहीत म्हणून नर्सताईंना पलीकडे पाठवलंत. पोरीला ताप भरला. तीन दिवस दर्या असा खवळला होता की..." तो थांबला. मग म्हणाला, "बाई धक्क्यावर पोरीला घेऊन बसल्या होत्या. मला हात जोडत होत्या. लाँच मी काढली नाही. कशी काढणार, सांगा ना. कशी काढणार?"

परिषदेचं ओळखपत्र माझ्या गळ्यात होतं. मी ते शर्टाच्या आत सरकवलं.

"त्यानंतर बदलीचे चार कागद आले बाईंना. एकदाही हलल्या नाहीत. पोरीला सोडून कुठे जाऊ, म्हणायच्या."

"मुलगी केवढी होती?" मी विचारलं.

"दुसरीत होती. आईच्याच वर्गात."

ऊन तसंच लख्ख होतं. पण मला निळ्या स्वेटरातली ती पाठ आठवली.

शाळेत पोचलो. मुलांना बाईंनी आधीच घरी पाठवलं होतं. नकाशे गुंडाळून, पुस्तकं बांधून ठेवली होती. वस्तूंची यादीसुद्धा त्यांनीच सुवाच्य अक्षरात करून ठेवली होती. मी टिकमार्क करत गेलो, हमाल सामान बाहेर नेत गेले.

सगळं झाल्यावर बाईंनी पर्समधून एक कागद काढला. माझ्याच अहवालाची प्रत होती. घड्यांवर फाटायला आलेली.

"साहेब, एक विचारू? तुम्ही इथे 'एक मुलगी जादा' असं लिहिलंय."

"बाई, चूक झाली माझी. मला माफ करा, मी तेव्हा..."

"माफीचं नाही हो. मुलगी कशावरून लिहिलंत? दिसली होती का?"

मी मान हलवली.

"कुठे बसली होती?"

"ढमीच्या शेजारी. खिडकीकडे."

"काय घातलं होतं?"

"निळा स्वेटर."

बाई बाकाचा आधार घेऊन बसल्या. "अजून? अजून काय दिसलं? आठवा ना, साहेब. तुम्ही मोजायला आला होतात. तुमची नजर पक्की असते."

मी डोळे मिटले. खरंच आठवू लागलं. "केस मानेपर्यंत कापलेले. पण वाकडे. डावीकडे जरा आखूड."

"मीच कापले होते," बाई म्हणाल्या. "ताप यायच्या आदल्या संध्याकाळी. सारखी हलत होती. मी एक धपाटाही घातला."

त्या रडत होत्या, पण आवाज नव्हता. मी उभाच राहिलो. माणसाने अशा वेळी काय करायचं असतं, ते मला अजूनही कळत नाही.

मग त्यांनी विचारलं, "ती गेल्यावरही अकरा वर्षं मी या खोलीत आहे. मला कधी दिसली नाही. एकदासुद्धा नाही. तुम्हाला तोंड दिसलं का हो तिचं?"

"नाही. पाठच दिसली. मागे वळलीच नाही ती."

"नाही वळणार." बाई एकदम हसल्या. "बाई शिकवत असताना मागे बघायचं नाही, हे मीच शिकवलंय. म्हणजे... ती माझ्याकडेच बघत होती."

मी मान हलवली.

"रोज," बाई म्हणाल्या.

बाहेरून हमालाने हाक मारली. शेवटचा एक बाक राहिला होता, तोच, खिडकीजवळचा. मी यादीत त्याच्यापुढे 'मोडका' असं लिहिलं आणि हमालांना म्हटलं, "राहू दे तो. चला धक्क्यावर."

बाक अगदी धड होता. मला वाटलं, आपल्या हातून एवढं तरी बरं व्हावं.

बाई दारात उभ्या राहिल्या. रोज शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत त्या दार धरून उभ्या राहत, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्या रिकाम्या खोलीकडे बघून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सुटली शाळा. चल बाळा. आपण तिकडे जायचंय आता. दप्तर घे."

आणि दार धरून थांबल्या.

किती वेळ, कोण जाणे. धक्क्यावरून लाँचचा भोंगा दोनदा वाजला.

"आली असेल ना?" त्यांनी मला विचारलं.

"आली असणार," मी म्हटलं.

त्या पायऱ्या उतरल्या. मागचं दार आतून आधीच लावलं होतं; मी पुढचं दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं.

आणि आतून...

बाक करकरला.

वाऱ्याचं काम असेल म्हणून मी थांबलो. वारा पडलेला होता. झाडाचं पान हलत नव्हतं.

मग पान उलटल्याचा आवाज आला... वहीचं पान.

आत एकही वही नव्हती. यादीवर टिकमार्क मीच केले होते.

आणि मग... एक बारीक खोकला.

मी मागे बघितलं. बाई पायऱ्यांखाली उभ्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय झालं? काही ऐकू आलं का?"

ती नऊ मुलं त्यांच्यावाचून पलीकडच्या शाळेत जाणार नव्हती. हो म्हटलं असतं तर ही बाई त्या दारातून जन्मभर हलली नसती, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "कुलूप जरा घट्ट आहे."

लाँचमध्ये बाईंनी शेजारची जागा मोकळी ठेवली होती. हमाल बसायला गेला तर म्हणाल्या, "तिकडे बसता का जरा?" आणि वाटभर त्या रिकाम्या जागेशी हळू आवाजात बोलत होत्या. ते बघ, ती मोठी शाळा, तिथे ग्रंथालय आहे, भिऊ नकोस हं.

लाँचवाला माझ्याकडे बघत होता. मी पाण्याकडे बघत होतो.

मागच्या महिन्यात मी त्या मोठ्या शाळेत दुसऱ्या कामाने गेलो होतो. बाई वर्गाच्या दारातच भेटल्या. चेहरा भरलाय त्यांचा. हसतात. वर्गात खिडकीजवळ एक जागा रिकामी ठेवतात म्हणे. मुलंही काही विचारत नाहीत.

मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, एक काम करा ना माझं. तुमच्या पद्धतीने एकदा मोजा. आज सगळे हजर आहेत. अठ्ठावीस पट आहे माझा."

मी नको म्हणणार होतो. पण त्या फळ्याकडे गेल्यासुद्धा. खडू हातात घेऊन वाट बघत राहिल्या.

मी मागच्या दारात उभा राहिलो. मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा एकेका डोक्यावर बोट रोखून मोजलं.

अठ्ठावीस.

खिडकीजवळची जागा रिकामी होती.

बाई फळ्याजवळून माझ्याकडे बघत होत्या. ओठ हलले नुसते. किती?

"एकोणतीस," मी म्हटलं.

त्यांनी डोळे पुसले. खडूची पांढरी रेघ गालावर उमटली. मग वळून फळ्यावर लिहायला लागल्या.

तेव्हापासून मला चैन नाही. बाक ठेवला म्हणून ती थांबली का? की शाळा सुटली, हे तिला खरंच वाटलं नाही? परिषदेकडे ती इमारत पाडायलाही पैसे नाहीत, त्यामुळे किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात पडून आहे. दोनदा ती खिशात घालून धक्क्यावर गेलो. लाँचवाल्याने दोन्ही वेळा काही न विचारता इंजिन सुरू केलं. दोन्ही वेळा मी परत फिरलो.

ती अजून सरळ बसून फळ्याकडे बघत असेल. बाई आता तिथे येत नाहीत, हे कोणीतरी तिला जाऊन सांगायला हवं, आणि किल्ली माझ्याकडेच आहे.

पण मी आत गेलो, आणि या वेळी तिने मागे वळून बघितलं, तर मी तिला काय सांगू?