पाणी न घालायची पाळी

"चोर!" म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात झारी हातात धरलेला तो माणूस शांतपणे म्हणाला, "अहो, चोर कुंड्यांना पाणी घालतात का?"

माझ्या मावशीची गच्ची, मावशीच्या कुंड्या, आणि झारीही मावशीचीच! मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा गच्चीची किल्ली माझ्या हातात देऊन बजावून गेली होती — पुदिना, ओवा, पार्सली सगळं बघ, पण माझ्या रोझमेरीला काही झालं तर तोंड दाखवू नकोस. तेव्हापासून मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी पाच मजले चढून पाणी घालत होते. त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं म्हणून संध्याकाळीही डोकावले, तर हा!

"किल्ली कुठून आणलीत?"

"मावशींनीच दिली. मी खाली तिसऱ्या मजल्यावर राहतो. महिना झाला, रोज संध्याकाळी पाणी घालतोय."

महिना! रोझमेरी पिवळी पडायला लागली होती, म्हणून मी पाणी वाढवलं होतं.

"पिवळी दिसली म्हणून मीही वाढवलं..." तो ओशाळून म्हणाला.

मी तिथल्या तिथे मावशीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"तुझ्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून त्याला सांगितलं," मावशी म्हणाली. "आणि त्याच्यावर नव्हता, म्हणून तुला. रोझमेरी कशी आहे?"

"मस्त!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

फोन ठेवून कुंडी उलटी केली. मुळं काळी आणि लिबलिबीत झाली होती. दिवस लहान झाले होते, उन्हं तिरपी झाली होती, माती वाळतच नव्हती, आणि आम्ही आपले दोन्ही वेळा झारी रिकामी करत होतो. तो लिफ्ट दुरुस्त करणारा निघाला. (आणि राहायला बिनलिफ्टच्या इमारतीत! मी हसले तर म्हणाला, "इथे लिफ्ट असती तर घरी आल्यावरही कामच करावं लागलं असतं.") त्याच्या हत्यारांच्या पिशवीतली कातर घेऊन आम्ही कुजलेली मुळं छाटली, मातीत वाळू मिसळली आणि रोप पुन्हा लावलं.

"आता आठ-दहा दिवस थेंबसुद्धा घालायचा नाही," मी दम भरला. "तुम्ही गुपचूप घालाल. मी रोज येऊन बघणार!"

"मग मलाही यायला हवं. तुमचा तरी काय भरवसा?"

अशी आमची पाणी न घालायची पाळी सुरू झाली. रोज संध्याकाळी, बरोबर सहाला. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. पण चार वाजले की मला घड्याळाशिवाय दुसरं काही दिसेना. गच्चीवर मी ओव्याचे शेंडे खुडायची, समोरच्या झाडाची पानं वाऱ्याने उडून यायची ती तो झाडायचा, आणि गप्पा मात्र संपता संपायच्या नाहीत. एकदा माती वाळली का बघायला दोघांनी एकाच वेळी कुंडीत बोट खुपसलं. आत त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं... आणि कोणीच काढलं नाही.

"ओली आहे," तो हळूच म्हणाला.

"हो... बरीच."

माती कोरडी ठणठणीत होती.

तीन आठवड्यांनी रोझमेरीला नवा कोंब फुटला. मी उड्या मारायला हव्या होत्या, पण माझं तोंड एवढंसं झालं. ही बरी झाली, मावशी आली, की रोज पाच मजले चढायला मी कारण काय सांगणार? तो मला आवडत होता. अगदी मनापासून आवडत होता. आणि हा पठ्ठ्या — खत, वाळू, ऊन सगळ्यावर तासभर बोलेल, पण नेमक्या त्या विषयावर चकार शब्द काढेल तर शपथ!

रविवारी मावशी आली. तिने रोझमेरीला चारी बाजूंनी निरखलं, एक पान चुरगळून हुंगलं, आणि दोघांच्या किल्ल्या मागून घेतल्या.

"सुटलात बाबा दोघंही," ती म्हणाली. "जा आता आपापल्या घरी."

आम्ही जिना उतरायला लागलो. तो पुढे, मी मागे. तिसऱ्या मजल्यावर त्याचं दार आलं... तो थांबलाच नाही. दुसरा मजला गेला, पहिला गेला. खाली फाटकाशी येऊन उभा राहिला.

"तुमचं घर वर राहिलं," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

"एक विचारायचं होतं... पण तुम्ही चिडाल."

"चिडलेच आहे! इतके दिवस वाट बघतेय मी, आणि तुम्ही नुसते जिने उतरताय!"

मी जीभ चावली. पण बोलून तर बसले होते. त्याचे कान लालभडक झाले.

"मला तुम्ही खूप आवडता," तो एका दमात म्हणाला. "उद्यापासून सहा वाजता कुठे जाऊ, तेच कळत नाहीये."

"उद्याचं उद्या बघू. आत्ता काही काम आहे का?"

"अजिबात नाही."

"मग चला," म्हणत मी त्याचा हात धरला, आणि कुठे जायचं ते न ठरवताच आम्ही चालायला लागलो.