पाण्यावरचं नारिंगी तोरण

"उद्या सुकाणू मी एकटी धरणार! तू काठावरून टाळ्या वाजव," दीपमाला म्हणाली.

"वाजवतो की! होडी उलटली तर शिट्ट्यापण वाजवतो!" अंगदने दात काढले.

दोघेही सातवीतले. दोन वर्षांपूर्वी भोकरदनजवळच्या तलावावर शिडाच्या होड्यांचा क्लब निघाला, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. "प्यायला पाणी न्हाई, अन् ह्यांना जहाजं पाहिजेत!" तेव्हा होड्या दोन, बुडू नये म्हणून घालायची जाकिटं चार आणि पोरंही चारच. त्या चौघांतले हे दोघे. शिकवायला संध्याताई होती. ती कॉलेजात असताना एनसीसीत शिडाची होडी हाकायला शिकली होती आणि दीपमालाला तिच्याहून मोठं जगात कुणी वाटत नव्हतं.

आता दिवाळीच्या सुट्टीत तेच नाकं मुरडणारे लोक लेकरांना हाताला धरून आणत होते. चाळीस सभासद झाले! उद्या क्लबचा वाढदिवस. बाहेरगावचे पाहुणे येणार, नवी पोरं पाळीपाळीने तलावाच्या मधोमध जाऊन येणार आणि पहिली होडी दीपमाला एकटी नेणार. त्या एका फेरीसाठी ती दोन वर्षं होड्या धूत आली होती.

"ताई, माझं जाकीट अजून ओलंच हाय," तिचा धाकटा भाऊ आर्यन कुरकुरला. आर्यनला पोहता येत नव्हतं. उद्या तोही होडीत बसणार होता.

"काल भिजलेलं? अजून?" दीपमालाने दोरीवरचं नवंकोरं नारिंगी जाकीट दाबलं. पाण्याची धार लागली! जुनी जाकिटं तर झटकली की कोरडी व्हायची. तिच्या कपाळाला आठी पडली.

"माझ्या काकानं आणलीत, खराब कशी असतील?" अंगद फुरंगटला. क्लबचे अध्यक्ष बद्रीनाथ म्हणजे त्याचे सख्खे काका.

"मंग लाव पैज!"

तिघे एक कोरडं नवं जाकीट घेऊन अंगदच्या शेतातल्या हौदाकडे पळाले. जाकीट धपकन पाण्यात पडलं आणि छान तरंगू लागलं.

"बघ! उगीच कीस पाडून राह्यलीस!"

दीपमालाचं तोंड एवढंसं झालं. पैज हरल्याबद्दल तिने आपल्या डब्यातल्या शंकरपाळ्या काढल्या. अंगदने मूठ भरून घेतली, आर्यनने दोन मुठी घेतल्या, त्यावरून भांडण जुंपलं. तेवढ्यात आर्यन ओरडला, "ताई! जाकीट कुठं गेलं?"

जाकीट हौदाच्या तळाशी बसलं होतं.

अंगदने ते बाहेर ओढलं आणि शिवण उसवली. आत पांढराशुभ्र कापूस!

तिघे तसेच धापा टाकत काकांकडे गेले. काका हार-नारळाच्या गडबडीत होते. ते खो खो हसले.

"अरे, कापसाहून हलकं काय असतंय? आपल्याच गादीवाल्याकडून पक्की शिवून घेतलीत. बादलीत टाकून पाह्यलं म्या, बराबर तरंगलं! पळा आता, पाहुणे येऊन राह्यलेत उद्या."

शेजारी उभ्या संध्याताईने मात्र ओला कापूस हातात घेतला. तिचा चेहरा उतरला. दीपमालाला वाटलं, आता ताई कडाडणार! पण ताई खाली बघत म्हणाली, "उद्याचा दिवस निभावू दे गं. मंग बघू."

काकांचं हसणं दीपमालाला एवढं लागलं नव्हतं.

"आता काय?" अंगदचा आवाज बारीक झाला होता.

"आता तोरण!" दीपमाला म्हणाली आणि दोघांच्या कानात पुटपुटली.

अंगद तिच्याकडे बघत राहिला. "पण मंग तुझी फेरी?"

"गेली चुलीत!" ती म्हणाली.  आर्यन शेजारीच उभा होता, बोटाची साखर चाटत.

सकाळी पोरांनी नवी-जुनी सगळी जाकिटं काठालगत पाण्यावर ओळीने सोडली. निळ्या पाण्यावर नारिंगी तोरण! काका जाम खूश. "वा! काय डोकं चालवलं लेकरांनी!"

मग काका भाषणाला उभे राहिले. त्यांचं भाषण म्हणजे मारुतीचं शेपूट. "सभासद वाढले, शिक्षण वाढलं, आपलं तालुक्यात नाव झालं..."

"ते बघा, एक बुडालं!" आर्यन ओरडला.

माना वळल्या. दुसरं कलंडलं, मागून तिसरं. काकांचं "नाव झालं" तोंडातच राहिलं. बघता बघता सगळी नवी जाकिटं तळाशी गेली. वर जुनी चार तेवढी उरली.

आयांनी आपापली पोरं ओढून छातीशी धरली. अंगदने माइक घेऊन कापसाची गोष्ट सांगितली. प्रमुख पाहुणे उठले, त्यांच्या सत्कारासाठी आणलेली शाल त्यांनी अंगदच्या खांद्यावर टाकली.

"डोकं तिचं हाय!" अंगदने शाल काढून दीपमालाला दिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दीत तिचे वडील साहेबराव डोळे पुसत होते.

काकांनी घाम पुसला आणि माइक ओढला. "लेकरांनी डोळे उघडले! आता धोका नको. आजपासून क्लब बंद!"

या टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या.

"काका, जुनी चार चांगली हायेत ना!" दीपमाला जिवाच्या आकांताने ओरडली. "चौघं चौघं शिकू! पाळी लावू! ताई, तुम्ही तरी सांगा ना!"

संध्याताई होडीचं शीड गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"हुशार हाय हो पोरगी," काका पाहुण्यांना म्हणाले.

साहेबरावांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास बेटा. चल घरी. पाण्याकडं फिरकायचं न्हाई आता."

आपण कुणाला हरवलं आणि काय हरवलं, हे दीपमालाला वाटेवर कळलं. शाल तिने आर्यनच्या अंगावर टाकली. वळणावर तिने मागे पाहिलं. मांडव उतरवणं चालू होतं. जुनी चार जाकिटं अजून पाण्यावर तरंगत होती आणि ती काढून ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.